उन्हाळ्यांतील प्रचंड चित्रपट आणि त्यांचा प्रेक्षक

चित्रपटगृहांतून बाहेर पडणाऱ्या माणसास ‘कसा काय वाटला?’ असें विचारलें असतां तो जें उत्तर देतो, त्यास टीकाशास्त्रांत फारसें स्थान नाहीं. ‘ठीक आहे’, ‘पैसे वसूल झाले’, ‘शेवट उगाच लांबविला’, ‘कानठळ्या बसल्या’ एवढ्यांत त्याचें परीक्षण आटोपतें. तो वर्षांतून तीनचार वेळां चित्रपट पाहतो. दिग्दर्शकाचें नांव त्याच्या लक्षांत राहतेंच असें नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं कचेरींत गेल्यावर तो हा विषय विसरूनही जातो. तथापि अमेरिकेंतील चित्रपटधंद्यानें गेल्या पन्नास वर्षांत जो सर्वांत मोठा डाव मांडला आहे, तो याच माणसाच्या जिवावर. गंमत अशी कीं, त्याचें मत तयार होऊन चार लोकांत पसरण्यापूर्वींच त्याचे पैसे गल्ल्यांत पडावे, अशा बेतानें त्या डावाची रचना झालेली आहे. उन्हाळ्यांत निघणाऱ्या ज्या भव्य, खर्चिक आणि गर्जनाप्रिय चित्रपटांस ‘ब्लॉकबस्टर’ म्हणतात, त्यांचें रहस्य या एका गोष्टींत पुष्कळसें सांपडतें.

हा शब्द मुळांत कलेचा नव्हेच. तो युद्धाचा आहे. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडच्या विमानदळानें जर्मन शहरांवर जे अजस्र बाँब टाकले, त्यांतला एकेक बाँब घरांची अख्खी आळी भुईसपाट करूं शके, म्हणून वृत्तपत्रांनीं त्यांस हें नांव दिलें. युद्ध चालूं असतांनाच, १९४३ च्या सुमारास, तो शब्द चित्रपटांच्या जाहिरातींत शिरला. तिकिटांसाठीं लागलेली रांग रस्त्याचा कोपरा ओलांडून जाते, त्यावरून हें नांव पडलें, अशी एक समजूत प्रचलित आहे. ती मागाहून रचलेली दिसते. ज्या वस्तूनें माणसें मरत होतीं तिचें नांव करमणुकीस देतांना कोणास कांहीं वाटलें नाहीं, हें जाहिरातदारांच्या स्वभावास धरूनच झालें.

उन्हाळा आणि चित्रपट यांचें नातेंही आरंभीं वैराचें होतें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत जूनजुलैच्या उकाड्यांत बंद दालनांत शेकडों माणसांसह बसणें ही शिक्षाच असे. कित्येक नाट्यगृहें त्या दिवसांत टाळें लावून बसत. १९१७ सालीं शिकागोच्या एका चित्रगृहांत हवा थंड करण्याची यंत्रणा बसविण्यांत आली, पण खरा बोलबाला झाला तो १९२५ सालीं, न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रगृहांत. मे महिन्याच्या अखेरीस स्मृतिदिनाच्या सुटींत विलिस कॅरियर यांनीं आपलें यंत्र तेथें चालूं केलें. यंत्रास जोर चढण्यास वेळ लागला. प्रेक्षक घरून आणलेले पंखे हलवीत बसले होते आणि कॅरियर यांचा जीव टांगणीला लागला होता. मग हळूहळू एकेक पंखा मांडीवर आला आणि दालन शांत झालें. पॅरामाउंटचे प्रमुख ॲडॉल्फ झुकर हें सर्व वरच्या सज्जांतून पाहत होते, आणि लोकांना हें आवडणार असा निर्वाळा त्यांनीं दिला. मुंबईकरांनाही हें सुख फार उशिरा मिळालें असें नाहीं. १९३३ मधील रीगल आणि १९३८ मधील मेट्रो या चित्रगृहांत थंड हवा हाही खेळाचाच एक भाग होता. वैशाखाच्या दुपारीं तिकीट काढणाऱ्यांपैकीं कितीजण पडद्याकडे पाहण्यासाठीं आंत जात आणि कितीजण घाम वाळविण्यासाठीं, याचा हिशेब कोणीं ठेवलेला नाहीं.

एवढें झालें तरी उन्हाळा हा मोठ्या चित्रपटांचा हंगाम ठरला नव्हता. प्रतिष्ठित चित्रपट नाताळच्या सुमारास निघावयाचा, आणि तोही प्रथम न्यूयॉर्क व लॉस अँजेलिस येथें. महिने लोटल्यावर तो लहान गांवीं पोंचे. तोंवर त्याची कीर्ति किंवा अपकीर्ति त्याच्या आधीं तेथें जाऊन बसलेली असे. एकाच दिवशीं शेंकडों ठिकाणीं चित्रपट झळकविण्याची रीत अगदींच नव्हती असें नाहीं, पण ती हलक्या मालासाठीं राखून ठेवलेली होती. माल वाईट आहे ही बातमी फुटण्यापूर्वीं जमेल तेवढा गल्ला गोळा करावा आणि पुढच्या गांवाचा रस्ता धरावा, असा तो जत्रेंतल्या दुकानदाराचा हिशेब होता.

हा हिशेब बदलला २० जून १९७५ रोजीं. त्या दिवशीं युनिव्हर्सल कंपनीचा ‘जॉज’ हा चित्रपट अमेरिकेंतील ४०९ चित्रगृहांत एकदम प्रदर्शित झाला. पीटर बेंचली यांची त्याच नांवाची कादंबरी आदल्या वर्षीं निघून घरोघर पोंचली होती. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग हे त्या वेळीं तिशींतही आलेले नव्हते. कथा साधी आहे. समुद्रकांठच्या एका गांवीं नरभक्षक शार्क मासा येतो आणि तीन माणसें होडी घेऊन त्याच्या पाठीं लागतात. परंतु चित्रण साधें ठरलें नाहीं. हौदांत चित्रण न करतां खऱ्या समुद्रांतच तें करावयाचें असा स्पीलबर्ग यांचा आग्रह होता, आणि ब्रूस असें लाडकें नांव दिलेला यांत्रिक मासा खाऱ्या पाण्यांत शिरतांच वारंवार बिघडूं लागला. ५५ दिवसांचा संकल्प १५९ दिवसांवर गेला. खर्च चाळीस लाख डॉलरच्या अंदाजावरून दुपटीपलीकडे, नव्वद लाखांच्या घरांत पोंचला.

या बिघाडानेंच चित्रपटाचें कल्याण केलें. मासा दाखवितां येईना म्हणून तो न दाखवितां त्याचें भय कसें उत्पन्न करावें, हा प्रश्न उभा राहिला. संगीतकार जॉन विल्यम्स यांनीं तो मुख्यतः दोन स्वरांत सोडविला. ते दोन स्वर आलटून पालटून जवळ येऊं लागले कीं मासा आला. पाण्यांत ओढलें जाणारें पिवळें पिंप, मोडका धक्का, पोहणाऱ्या मुलांचे लोंबणारे पाय एवढ्या सामग्रीवर तासाहून अधिक वेळ निभावून नेला, आणि मासा पुरतेपणीं दिसला तो त्यानंतर. पुढें संगणकाच्या साह्यानें वाटेल तें दाखवितां येऊं लागल्यावर पुष्कळ दिग्दर्शक हा धडा विसरले. स्पीलबर्ग स्वतः मात्र विसरले नाहींत: १९९३ च्या त्यांच्या ‘जुरासिक पार्क’ची लांबी १२७ मिनिटें असून त्यांत डायनोसॉर पडद्यावर असतात ते सुमारें १५ मिनिटें.

‘जॉज’च्या घडणींत सामान्य प्रेक्षकाचा हात कसा लागला, तें सांगण्यासारखें आहे. मार्च १९७५ मध्यें डॅलस येथें निवडक नव्हे तर साध्या, रस्त्यावरून आलेल्या लोकांस तो आगाऊ दाखविण्यांत आला. एक गृहस्थ मध्येंच उठून बाहेर धांवला, ओकारी करून तोंड पुसलें आणि परत आपल्या जागेवर येऊन बसला. हें पाहून आपला चित्रपट चालणार अशी खात्री पटली, असें स्पीलबर्ग सांगत आले आहेत. लोकांनीं किंकाळ्या कोठें फोडल्या हें त्यांनीं लक्षपूर्वक टिपलें. आणि आणखी एक किंकाळी हवी असा लोभ त्यांना सुटला. बुडालेल्या होडीच्या भोंकांतून एका मृत कोळ्याचें मस्तक अकस्मात् पुढें येतें, तो प्रसंग नव्यानें चित्रित झाला तो समुद्रांत नव्हे, तर संकलक व्हर्ना फील्ड्स यांच्या घरच्या पोहण्याच्या तलावांत. समुद्रासारखें गढूळ दिसावें म्हणून त्या पाण्यांत दुधाची भुकटी कालविली होती. पुढें फील्ड्स यांना संकलनाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें.

प्रदर्शनापूर्वींच्या तीन रात्रीं अमेरिकेंतील सर्व प्रमुख दूरचित्रवाणी केंद्रांवरून या चित्रपटाच्या अर्ध्याअर्ध्या मिनिटाच्या जाहिराती सारख्या चालूं होत्या. त्यांवर सुमारें सात लक्ष डॉलर खर्ची पडले. याच्या आधीं एवढा पैसा या माध्यमावर कोणीं लावला नव्हता. उलट कंपनीचे सूत्रधार ल्यू वॉसरमन यांनीं आरंभीं योजिलेल्या चित्रगृहांची संख्या मुद्दाम कमी केली, कारण रांगा दिसल्या पाहिजेत. रांग हीच फुकटची जाहिरात. हलक्या मालाची विक्रीची रीत उत्तम मालाला लावली असतां काय होतें, तें त्या उन्हाळ्यांत दिसलें. तोंवर अमेरिकेंत सर्वाधिक उत्पन्न मिळविणारा ‘गॉडफादर’ मागें पडला.

या चित्रपटाच्या कथेंत एक गोष्ट अशी आहे कीं, ती मुद्दाम योजिली असती तरी इतकी चपखल बसती ना. गांवचा नगराध्यक्ष समुद्रकिनारा बंद करण्यास तयार होत नाहीं. कारण ४ जुलैची सुटी तोंडावर आलेली असते, पाहुणे येणार असतात आणि त्या एका उन्हाळ्याच्या मिळकतीवर गांवाचें वर्ष निघावयाचें असतें. माणसें पाण्यांत उतरतात तीं धंद्यासाठीं उतरविलेलीं असतात. पुढें सबंध चित्रपटधंदाच या नगराध्यक्षाच्या मनोवृत्तीनें वागूं लागला, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होईल, पण फार होणार नाहीं.

दोन वर्षांनीं, २५ मे १९७७ रोजीं, जॉर्ज लुकास यांचा ‘स्टार वॉर्स’ निघाला. तो पहिल्या दिवशीं अवघ्या ३२ चित्रगृहांत होता, कारण चित्रगृहांचे मालक त्याला घेण्यास फारसे उत्सुक नव्हते; तेथें लोकांच्या बोलण्यानेंच काम केलें. लुकास यांनीं खेळणीं वगैरे वस्तूंचे हक्क स्वतःकडे राखून ठेवले होते. नाताळ आला तरी खेळणीं तयार नव्हतीं, तेव्हां कारखानदारानें रिकाम्या खोक्यांत ‘खेळणीं मागाहून पाठवूं’ अशी हमी घालून तीं खोकीं विकलीं. आणि आईबापांनीं तीं विकत घेतलीं.

यापुढील इतिहास बहुतांशीं आकड्यांच्या वाढीचा आहे. १९७५ मध्यें ४०९ हा आकडा डोळ्यांत भरे. १८ जुलै २००८ रोजीं ‘डार्क नाइट’ अमेरिका व कॅनडा मिळून ४,३६६ चित्रगृहांत लागला. उन्हाळाही लांबत गेला. पूर्वीं तो मेच्या अखेरच्या सुटीपासून धरीत, मग मेचा पहिला शुक्रवार हाच त्याचा आरंभ ठरला, आणि २०१९ मध्यें ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’नें २६ एप्रिललाच त्याचें उद्घाटन करून पहिल्या तीन दिवसांत अमेरिका व कॅनडा येथून पस्तीस कोटी डॉलरच्या वर गल्ला जमविला. चित्रपटासाठीं पंधरावीस कोटी डॉलर आणि त्याच्या जाहिरातीसाठीं आणखी त्याच मापाची रक्कम एकदां घातली, कीं निर्मात्याला धीर धरवत नाहीं. तिकिटाच्या पैशांतला साधारण अर्धा वांटा चित्रगृहाकडे राहतो. आणि पुष्कळ करारांत निर्मात्या कंपनीचा वांटा पहिल्या आठवड्यांत मोठा असून पुढें घटत जातो. म्हणून जें काय मिळवावयाचें तें पहिल्या शुक्रवार ते रविवार. चित्रगृहाचा मालक आपली तूट मक्याच्या लाह्यांवर भरून काढतो. त्या एवढ्या महाग कां, याचें उत्तर तेथें आहे.

आतां बाहेर पडणाऱ्या त्या गृहस्थाच्या तक्रारींकडे पुन्हां वळण्यास हरकत नाहीं, कारण त्या सर्व या हिशेबांतून निघाल्या आहेत. ‘मागचें पाहिलें नव्हतें, म्हणून कांहीं समजलें नाहीं’ असें तो म्हणतो. अर्थात्! अनोळखी कथेची ओळख करून देण्यास वेळ लागतो आणि तीन दिवसांच्या लढाईंत तेवढा वेळ नसतो. म्हणून ज्याचें नांव लोकांना आधींच ठाऊक आहे अशाच कथेस पैसा मिळतो. ‘एंडगेम’ हा मे २००८ मधील ‘आयर्न मॅन’पासून सुरू झालेल्या मालिकेंतला बाविसावा चित्रपट होता. ‘फार लांबला’ ही त्याची दुसरी तक्रार. ‘जॉज’ १२४ मिनिटांचा होता. ‘एंडगेम’ १८१ मिनिटांचा. तिकिटाची किंमत वाढली कीं वजनही वाढविलें पाहिजे, असें विकणाऱ्यास वाटतें.

‘शहरेंच्या शहरें पडतात आणि कोणी मेल्याचें दिसत नाहीं’ ही तिसरी तक्रार मात्र अधिक खोल आहे. मोठ्या चित्रपटांचें निम्म्याहून अधिक उत्पन्न परदेशांतून येऊं लागल्यापासून विनोद आणि संभाषण यांपेक्षां कोसळणाऱ्या इमारतीस अधिक भाव आला. ती कोणत्याही भाषेंत सारखीच कोसळते. परंतु प्रेक्षक याबाबत वाटतो तितका बधिर नाहीं. जून २०१३ मध्यें ‘मॅन ऑफ स्टील’ पाहून पुष्कळांनीं विचारलें कीं, सुपरमॅन हा लोकांचा त्राता ना? मग त्याच्या मारामारींत जें शहर उध्वस्त झालें त्यांतल्या माणसांचें काय? हा प्रश्न कर्त्यांना झोंबला असावा. २०१६ मधील पुढच्या चित्रपटाच्या आरंभींच तोच विध्वंस पुन्हां दाखविला आहे, पण या वेळीं जमिनीवरून: धुळीच्या लोटांत सांपडलेलीं माणसें आणि त्यांच्याकडे धांवणारा एक मनुष्य, ज्याला सुपरमॅनचा त्यामुळें संताप येतो. सर्वसाधारण प्रेक्षकाचें मत एका प्रचंड चित्रपटाचें कथाबीज झालें, याचें इतकें स्पष्ट उदाहरण क्वचित् सांपडतें. चित्रपट त्यानें सुधारला काय, हा प्रश्न वेगळा; फारसा सुधारला नाहीं.

मत उशिरा तयार झालें तरी तें निष्फळ नसतें. जून २००३ मध्यें ‘हल्क’नें पहिल्या तीन दिवसांत सहा कोटी डॉलरच्या वर मिळविले, दुसऱ्या शुक्रवारपासूनच्या तीन दिवसांत तें उत्पन्न जवळजवळ ७० टक्क्यांनीं घसरलें. पहिल्या दिवशींच्या लोकांनीं घरीं जाऊन शेजाऱ्यांना काय सांगितलें, हें निराळें सांगावयास नको. याच्या उलट आदल्या वर्षींचें एक चित्र आहे. एका ग्रीक कुटुंबांतील लग्नाची गोष्ट सांगणारा ‘माय बिग फॅट ग्रीक वेडिंग’ हा पन्नास लाख डॉलरांचा चित्रपट एप्रिल २००२ मध्यें १०८ चित्रगृहांत लागला. तो एकाही आठवड्यांत पहिल्या क्रमांकावर आला नाहीं. परंतु सबंध उन्हाळाभर मावशीनें भाचीला आणि भाचीनें सासूला सांगावें अशा तऱ्हेनें तो चालत राहिला, आणि अमेरिकेंत चोवीस कोटी डॉलर मिळवून गेला.

हें शेजाऱ्याशीं होणारें बोलणें आगाऊ ऐकतां यावें, अशीही सोय निघाली आहे. १९७८ सालीं एड मिंट्झ नांवाचे गृहस्थ, टीकाकारांनीं नांवाजलेला एक चित्रपट पाहून निराश झाले आणि आपल्यासारख्या माणसांस कोणी कां विचारीत नाहीं, असें त्यांना वाटलें. त्यांतून पुढल्या वर्षीं सिनेमास्कोर ही संस्था उभी राहिली. पहिल्या रात्रीं चित्रगृहाच्या दाराशीं प्रेक्षकाच्या हातीं एक कार्ड देतात. त्यानें शाळेंतल्या मास्तराप्रमाणें चित्रपटास श्रेणी द्यावयाची. प्रेक्षक उदार असतो. स्वतः निवडलेली आणि पैसे मोजलेली वस्तु वाईट होती असें कबूल करण्यास माणूस राजी नसतो. म्हणून या कार्डांवर मधली श्रेणी मिळाली तरी निर्माते ती नापसंती समजतात.

तथापि या मतास अखेरचा निकाल मानूं नये. २५ जून १९८२ रोजीं अमेरिकेंत एकाच दिवशीं दोन चित्रपट लागले, ‘ब्लेड रनर’ आणि ‘द थिंग’. दोघांकडेही लोकांनीं पाठ फिरविली. त्या उन्हाळ्यांत सर्वांचें मन ११ जूनला निघालेल्या ‘ई. टी.’नें जिंकलें होतें. परग्रहावरचा पाहुणा प्रेमळ असावा, असें तेव्हां घरोघर वाटत होतें. आज ते दोन्ही चित्रपट त्या प्रकारांतील श्रेष्ठ कृतींत गणले जातात. म्हणून त्या दिवशींच्या प्रेक्षकास मूर्ख म्हणावें काय? मुळींच नाहीं. तो एका संध्याकाळपुरतें बोलला होता, आणि त्या संध्याकाळीं तो कंटाळला होता हें खरेंच होतें.

२०१३ च्या जूनमध्यें दक्षिण कॅलिफोर्नियाच्या विश्वविद्यालयांत बोलतांना स्पीलबर्ग यांनींच इशारा दिला कीं, असले तीनचार किंवा सहा अतिखर्चिक चित्रपट एकाच मोसमांत कोसळतील आणि हा धंदा बदलावा लागेल. ज्यानें पाणपोई घातली त्यानेंच पाणी खारट असल्याचें सांगावें, अशांतला हा प्रकार. भाकीत त्या रीतीनें खरें झालें नाहीं. २०२० सालीं चित्रगृहें बंद पाडलीं तीं साथीच्या रोगानें, आणि तीं पुन्हां उघडलीं तेव्हां लोकांना घरबसल्या चित्रपट पाहण्याची संवय लागून गेली होती.

अशा वेळीं २१ जुलै २०२३ रोजीं जें घडलें, तें कोणत्याही कंपनीच्या कचेरींत योजलेलें नव्हतें. एका बाहुलीवरचा गुलाबी, थट्टेखोर ‘बार्बी’ आणि अणुबाँबच्या जनकावरचा तीन तासांचा गंभीर ‘ओपनहायमर’ हे दोन चित्रपट त्याच दिवशीं प्रदर्शित झाले. एकानें दुसऱ्याचा गल्ला खावा हा धंद्याचा नियम. परंतु हा विजोड योगायोग लोकांच्याच विनोदाचा विषय झाला, आणि एकाच दिवशीं दोन्ही तिकिटें काढण्याची टूम निघाली. जगभरांत पहिल्यानें १४० कोटींहून अधिक आणि दुसऱ्यानें ९५ कोटींहून अधिक डॉलर मिळविले. यांपैकीं एकही कशाचा पुढला भाग नव्हता. ‘ओपनहायमर’ला पुढें सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सात ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. भारतांत तर त्यानें ‘बार्बी’सही मागें टाकलें, आणि त्यांतील भगवद्गीतेच्या उल्लेखाच्या प्रसंगावरून येथें वादही माजला.

हिंदुस्थानांत या चित्रपटांचा ‘उन्हाळा’ हा शब्द तसा निरर्थकच आहे. अमेरिकेंत मुलांची सुटी सुरू होते त्या सुमारास महाराष्ट्रांत ती संपते. तेथला उन्हाळी चित्रपट येथें येतो तो छत्र्या आणि नव्या पुस्तकांच्या खरेदीबरोबर. आपली सुटी एप्रिल-मेची. ती साधून २९ एप्रिल २०१६ रोजीं नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. त्यांत नावाजलेला तारा एकही नव्हता, आणि आधींचा भाग पाहिलेला असावा अशी अटही नव्हती. त्याचीं गाणीं आधींच घरोघर गेलीं होतीं. चित्रपटगृहांत तरुण मंडळी तीं उभ्यानें नाचत ऐकत. आणि शेवटच्या प्रसंगांत, जेथें एकही आवाज नाहीं, तेथें तींच मंडळी गप्प होऊन बसत आणि दिवे लागल्यावरही कांहीं वेळ उठत नसत.